नवे ब्रेक पॅड: निवडायचे कसे, रुळवायचे कसे

नवे पॅड टाकून तीन आठवडेही झाले नव्हते, तोच ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. ताशी 90-100 च्या वेगातून हलका ब्रेक दाबला की हाताला स्पष्ट जाणवायचं आणि पायाखाली पेडल धडधडायचं. ज्याला दाखवावं त्याचं निदान एकच: डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, जिला पॅड दोन्ही बाजूंनी दाबतात) वाकली, बदलून टाका. बदलण्याआधी मी डायल गेज, म्हणजे बारीक डगमग दाखवणारं काट्याचं मापक, लावून डिस्क हाताने फिरवली. काटा जेमतेम हलला. डिस्क सरळ होती. मग टॉर्चचा उजेड तिरका टाकून पाहिलं, तेव्हा चकचकीत पृष्ठभागावर एका जागी करडा ठसा दिसला. आकार हुबेहूब पॅडचा.

तो ठसा माझ्याच पायाने उमटवला होता. नवे पॅड बसवल्यावर पहिल्याच फेरीत मी ते चांगले तापवले आणि लगेच सिग्नलला थांबून ब्रेक घट्ट दाबून धरला. तापलेल्या पॅडमधला माल त्या एका जागी डिस्कला चिकटला. नंतरच्या प्रत्येक ब्रेकला तिथे पकड थोडी जास्त, म्हणून तिथे उष्णता जास्त, म्हणून माल आणखी चिकटणार, असं चक्र सुरू झालं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरकही पायाला कळतो.

स्पोर्ट्स कारचे पॅड बदलताना बहुतेकांचं सगळं लक्ष पॅडच्या नावाकडे असतं. खरं काम मात्र पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये तयार होणाऱ्या एका पातळ थरावर चालतं. तो थर समजला की कोणता पॅड घ्यायचा आणि तो कसा रुळवायचा, या दोन्ही गोष्टी आपोआप उलगडतात.

आधी उष्णतेचा हिशेब

ब्रेक गाडीचा वेग घेतो आणि त्याची उष्णता करतो. 1,400 किलोची गाडी ताशी 100 किलोमीटरने धावत असेल तर तिच्यात सुमारे 540 किलोज्यूल ऊर्जा असते. तेवढ्या ऊर्जेवर दीड लिटरहून थोडं जास्त पाणी उकळेल. जोरात ब्रेक लावला तर ही सगळी ऊर्जा जेमतेम तीन सेकंदांत डिस्क आणि पॅडमध्ये उतरते. म्हणजे सरासरी 180 किलोवॅट, साधारण अडीचशे हॉर्सपॉवर. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, त्यामुळे ताशी 200 वरून थांबताना हाच आकडा 2,160 किलोज्यूलवर जातो. शिवाय ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून यातला मोठा वाटा पुढच्या दोन चाकांच्या वाट्याला येतो.

जुन्या ड्रम ब्रेकचं दुखणं हेच होतं. बंद डब्यात उष्णता कोंडायची आणि ब्रेक ढिला पडायचा. 1953 साली फ्रान्समधली ल मान्सची 24 तासांची शर्यत जॅग्वारच्या सी-टाइपने डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून जिंकली. उघड्या डिस्कला वारा लागतो, त्यामुळे लांब सरळ रस्त्याच्या शेवटी दर फेरीला तितक्याच भरवशाने ब्रेक लावता येत होता.

म्हणून पॅड घेताना स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न असा: माझे ब्रेक नेहमी किती तापतात? रोजच्या रस्त्यावर डिस्क साधारण शंभर-दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. घाटाच्या लांब उतारावर त्याहून बरीच वर जाते. ट्रॅकवर पुढची डिस्क 500-600 अंशांपर्यंत पोचते, अंधारात लालसर दिसते. नेमकं जाणून घ्यायचं असेल तर डिस्कच्या कडेला लावायचे तापमानदर्शक रंग मिळतात. ठरावीक तापमान ओलांडलं की त्या रंगाची पट्टी बदलते. फेरीनंतर चाकाच्या आरपार बघायचं, की आज किती तापले ते कळतं. ट्रॅकवर जाणाऱ्याने हे एकदा तरी करावं. अंदाजाने घेतलेले महागडे पॅड वाया जाण्यापेक्षा ते फार स्वस्त पडतं.

पॅडच्या आत काय असतं

1888 च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारने निघाल्या. उतारांवर लाकडी ब्रेक झिजत चालले, तेव्हा वाटेत जोडे शिवणाऱ्या एका कारागिराकडून त्यांनी त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला झिजणारं, बदलता येणारं अस्तर लावायची कल्पना तिथे दिसते. आजचा पॅड हे त्याच अस्तराचं पुढचं रूप आहे: पोलादी पाठ आणि तिच्यावर दाबून, भाजून बसवलेलं मिश्रण. मिश्रणात सगळं धरून ठेवणारं रेझिन, बळकटीसाठी तंतू, घर्षण वाढवणारे कठीण कण आणि घर्षण आवरणारं ग्रॅफाइटसारखं वंगण असतं. प्रत्येक बनवणाऱ्याची पाककृती वेगळी आणि गुप्त.

ढोबळ जाती चार. ऑरगॅनिक पॅड मऊ, शांत, डिस्कशी सौम्य, पण जास्त उष्णतेत लवकर हात टेकतात. सेमी-मेटॅलिकमध्ये पोलादाचे किंवा लोखंडाचे तंतू आणि भुकटी भरपूर असते. उष्णता चांगली सोसतात, थोडा आवाज करतात, काळी भुकटी टाकतात. सिरॅमिक पॅड शांत आणि चाकं स्वच्छ ठेवणारे, रोजच्या वापराला छान. मात्र ट्रॅकवर ते सहसा कमी पडतात. सिंटर्ड, म्हणजे धातूची भुकटी दाबून-तापवून केलेले, मुख्यतः मोटरसायकली आणि शर्यतीच्या कामाचे.

इथे एक गोंधळ फार जणांचा होतो. सिरॅमिक पॅड आणि कार्बन-सिरॅमिक डिस्क यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. सिरॅमिक पॅड नेहमीच्या बिडाच्या डिस्कसाठीच असतात. गाडीला कार्बन-सिरॅमिक डिस्क असेल तर तिच्यासाठी खास बनवलेलेच पॅड लागतात. चुकीचे घातले तर नुकसान पॅडचं होत नाही, डिस्कचं होतं, आणि ती डिस्क घ्यायला गेलात तर किंमत ऐकून बसाल.

पॅडची पकड घर्षणांकाने मोजतात. रस्त्यावरच्या पॅडचा घर्षणांक साधारण 0.35 ते 0.45 च्या आसपास असतो. अनेक पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर एक सांकेतिक ओळ छापलेली असते आणि तिच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर साधारण तापमानातल्या पकडीचं, दुसरं गरम असतानाच्या पकडीचं. ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. दोन्ही अक्षरं सारखी असणं चांगलं लक्षण, कारण गरम झाल्यावर पकड फारशी बदलत नाही असा त्याचा अर्थ. पण ही चाचणी पॅडच्या छोट्याशा तुकड्यावर होते. झीज, आवाज, ट्रॅकच्या तापमानाला काय होतं, यातलं काहीही ती सांगत नाही. युरोपातला आर 90 हा नियम जास्त उपयोगाचा वाटतो: बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या 15 टक्क्यांच्या आत असावी लागते. रस्त्यावरच्या गाडीला तो शिक्का असलेला पॅड घेतला तर मोठी चूक होण्याची शक्यता कमी.

निवड करताना

स्पोर्ट्स कार आहे म्हणून शर्यतीचे पॅड घ्यावेत, हा मोह आवरा. शर्यतीचे अनेक पॅड शे-दोनशे अंश तापल्याशिवाय नीट धरतच नाहीत. सकाळी घराबाहेर पडताना पहिल्याच वळणावर कुणी आडवं आलं तर तुमच्या पायाखाली थंड, निसरडा पॅड असेल. वर तो थंडपणी डिस्क खरवडतो, किंचाळतो, आणि त्याची लोहयुक्त भुकटी ओली झाली की चाकांवर गंजाचे डाग पडतात. मूळ कंपनीचा पॅड किंवा त्याच तोडीचा रस्त्याचा पॅड हा बहुतेकांसाठी योग्य पर्याय आहे, आणि हे मी पूर्ण विचाराने म्हणतो.

अधूनमधून ट्रॅकवर जात असाल तर रस्ता आणि ट्रॅक दोन्ही सांभाळणारे मधले पॅड मिळतात. त्यांत तडजोड आलीच: थोडा आवाज, थोडी जास्त झीज. ट्रॅकवर वारंवार जाणाऱ्याने दोन वेगळे संच ठेवावेत हे उत्तम. प्रत्येक पॅडच्या पाठीवर खूण करा: पुढचा की मागचा, डावा की उजवा, आतला की बाहेरचा. पुन्हा बसवताना तो त्याच जागी गेला पाहिजे.

पकड किती जोरकस यापेक्षा ती किती सारखी राहते, याला मी जास्त महत्त्व देतो. पाय ठेवताच झपकन धरणारा पॅड पहिल्या दिवशी फार आवडतो. ओल्या वळणावर पायाचा दाब बारकाईने कमी-जास्त करायची वेळ आली की तोच नकोसा होतो.

एका ॲक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन्ही चाकांना एकच पॅड, एकाच वेळी बदललेले, हे तर ठरलेलंच. पुढे-मागे वेगळी जात घालायची असेल तर सांभाळून. मागचे पॅड पुढच्यांपेक्षा जोरकस झाले की जोरात ब्रेक लावताना मागची बाजू हलकी आणि अस्थिर होते. एबीएस (जोराच्या ब्रेकला चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) ते बऱ्याच अंशी झाकतो, पण मुळातला समतोल बिघडलेलाच राहतो.

आणि एक गोष्ट पॅडच्याही आधी: ब्रेक ऑइल, म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत पोचवणारं तेल. ते हवेतली ओल शोषत राहतं आणि ओल वाढली की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट 4 या प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान 230 अंश, ओल धरल्यावर 155 असावा लागतो. डॉट 5.1 चा ताजं असताना 260, ओल धरल्यावर 180. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जातं. पॅड ढिला पडतो तेव्हा पेडल घट्टच असतं, फक्त गाडी थांबत नाही. दोन्हींतला फरक पायाला ओळखता आला पाहिजे, कारण उपाय वेगळे आहेत. ट्रॅकवर जायच्या आधी ताजं ऑइल भरा. पॅड अर्ध्याहून जास्त झिजले असतील तर तेही बदला. पॅडची जाडी ही ऑइलला उष्णतेपासून वाचवणारी भिंत असते.

मागवताना आकार तपासायला विसरू नका. एकाच मॉडेलला वर्षानुसार आणि ब्रेकच्या पॅकेजनुसार वेगवेगळे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे) असतात. जुना पॅड नव्यावर ठेवून कडा जुळतात का पाहणं हा दहा सेकंदांचा उपाय आहे.

बसवण्याबद्दल इथे थोडक्यात. नव्या जाड पॅडला जागा करायला कॅलिपरमधला पिस्टन (पॅडला दाबणारा दट्ट्या) मागे ढकलताना टाकीतलं ऑइल वर चढतं, ते सांडलं तर रंग खातं. मागे इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोडमध्ये घ्यावा लागतो. डिस्कवर कोरलेली किमान जाडी वाचा आणि मायक्रोमीटरने मोजून बघा. पॅडची जात बदलत असाल तर डिस्कवरचा जुन्या पॅडचा थर सँडपेपरने घासून काढा आणि ब्रेक क्लीनरने पुसा. एका मिश्रणाच्या थरावर दुसरं मिश्रण नीट बसत नाही. सगळं झाल्यावर, गाडी जागची हलवण्याआधी, पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे गेलेले असतात आणि पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. गॅरेजच्या भिंतीला गाडी लागते ती याच क्षणी.

रुळवणं म्हणजे नेमकं काय

पॅड दोन प्रकारे धरतो. थंड असताना त्यातले कठीण कण डिस्कला खरवडतात, त्यातून घर्षण मिळतं. तापल्यावर पॅडचा अतिशय पातळ थर डिस्कवर चढतो आणि मग पॅड स्वतःच्याच थराला चिकटतो-सुटतो, चिकटतो-सुटतो. ही दुसरी पकड जास्त एकसारखी, आणि तिच्यात डिस्क कमी झिजते. नव्या पॅडला हा थर डिस्कवर सगळीकडे सारखा चढवायला लावणं म्हणजे रुळवणं, ज्याला बेडिंग म्हणतात.

दुसरं कामही त्याच वेळी होतं. नवा पॅड पहिल्यांदा खूप तापला की रेझिनमधून वायू सुटतात. पॅड आणि डिस्कच्या मध्ये त्यांची गादी झाली की पकड अचानक कमी होते. हे वायू मोकळ्या रस्त्यावर, तुम्ही तयार असताना निघून गेलेले बरे. पहिल्या घाटात किंवा ट्रॅकच्या पहिल्या वळणावर निघू नयेत.

पद्धत बनवणाऱ्यानुसार बदलते आणि पाकिटातल्या कागदावर जे लिहिलंय ते शेवटचं. रस्त्याच्या काही पॅडना फक्त पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक टाळायला सांगतात. जोरकस पॅडसाठी पद्धत साधारण अशी असते.

मागे-पुढे कुणी नाही असा लांब, सरळ, मोकळा रस्ता हवा; ट्रॅक असेल तर फारच चांगलं. आधी ताशी 50 वरून चार-पाच सौम्य ब्रेक लावून सगळं नीट आहे ना बघा: पेडल घट्ट, गाडी सरळ, विचित्र आवाज नाही. मग ताशी 100 वरून मध्यम ते जोरदार दाबाने, एबीएस लागणार नाही इतपत, ताशी 15-20 पर्यंत आणा आणि लगेच ब्रेक सोडून पुन्हा वेग घ्या. पूर्ण थांबू नका. असं आठ ते दहा वेळा, मधे फार वेळ न घालवता. वेगमर्यादा आडवी येत असेल तर कमी वेगावरून जास्त वेळा करा. उष्णता हळूहळू चढली पाहिजे, हाच हेतू. चौथ्या-पाचव्या वेळी तिखट, जळका वास येतो, कधी चाकांमधून थोडा धूरही दिसतो. दोन-तीन ब्रेकांपुरती पकड ढिली वाटते आणि मग परत येते. परत आली की समजा वायू निघाले.

यानंतरचा भाग मी चुकवला होता. शेवटच्या ब्रेकनंतर दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवत राहा आणि ब्रेक शक्य तितका कमी वापरा. डिस्क वाऱ्याने सावकाश निवायला हवी. म्हणून परतीचा रस्ता आधीच ठरवून ठेवा, सिग्नल आणि फाटक नसलेला. थांबावंच लागलं तर गाडी पूर्ण थांबल्यावर, सपाट जागा असेल तर, पेडलवरून पाय काढा किंवा गाडी इंच-इंच पुढे सरकू द्या. घरी आल्यावर गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा, चाकाखाली ठोकळा लावा, हँडब्रेक ओढू नका. पाणी तर मुळीच मारू नका.

पूर्ण थंड झाल्यावर डिस्क बघा. आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत एकसारखा करडा-निळसर, किंचित मंद झालेला रंग दिसला तर काम झालं. पट्टे किंवा चमकत्या जागा राहिल्या असतील तर पूर्ण थंड डिस्कवर ही फेरी पुन्हा करा. मागचे ब्रेक कमी तापतात, त्यांना दुसरी फेरी बहुधा लागतेच.

पॅडच्या आकाराचे गडद ठसे दिसले तर लवकर हालचाल करा. ठसा ताजा असेल तर घासून काढता येतो. तसाच वापरत राहिलात तर त्या जागी तापमान साडेसहाशे-सातशे अंशांवर जाऊन बिडाचं रूप बदलतं. लोह आणि कार्बन यांचं सिमेंटाइट नावाचं फार कठीण संयुग तिथे बनतं. ते आजूबाजूच्या बिडापेक्षा कमी झिजतं, त्यामुळे उंचवटा वाढतच जातो. वरून घासलं तरी ते खाली खोलवर असतं आणि थरथर परत येते. मग डिस्क बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

माझा ठसा अजून त्या पायरीला गेला नव्हता. दोन्ही पुढच्या डिस्क गाडीवरच सँडपेपरने गोल-गोल घासल्या, पॅडचे तोंड सपाट काचेवर ठेवलेल्या सँडपेपरवर हलक्या हाताने साफ केले, मास्क लावून, कारण ती भुकटी फुफ्फुसात जायची वस्तू नाही. मग पहाटेचा रिकामा रस्ता गाठून दहा ब्रेक लावले आणि वीस मिनिटं न थांबता गाडी फिरवत राहिलो. सहाव्या ब्रेकला पेडलची धडधड कमी झाली, नवव्याला नाहीशी. त्या डिस्क अजून गाडीवर आहेत. पॅड 12 मिलिमीटरचे होते, परवा मोजले तर 6 भरले. 3 वर आले की पुढचा संच, त्याच जातीचा.